रुमाल टाकलास का?

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कोथिंबिरीच्या जुड्यांचे रबरबँड स्वयंपाकघरातल्या खुंटीवर जमतात तसे ते आपोआप जमतात, आणि एक काढायला गेलं की चार हातात येतात.

परवा आमच्या टीममधल्या ऋचाने विचारलं, "मॅम, तुमच्या वेळी डेटाबेस कुठला होता?"

म्हटलं, "टेक्स्ट फाइल."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग म्हणाली, "आणि दोघांनी एकदम लिहिलं तर?"

"तर किस्सा व्हायचा!"

तिला दोन सांगितले, आणि घरी जाताना बाकीचे आठवत राहिले. आता मी लोअर परळला अठराव्या मजल्यावर बसते. एसी आहे, कॉफीचं मशीन आहे, चुका करायलासुद्धा वेगळा सर्व्हर आहे. पण खरं सांगू? मन अजून दादरच्या त्या खोलीत जातं.

दादर पश्चिमेला फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत, पूजेच्या सामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि तीन माणसं. मानकर सर, परब आणि मी, शुभांगी. मी लालबागची, तेव्हा तेवीस वर्षांची. परब घोडपदेवच्या चाळीतला, गाव मालवणकडचं, कोडिंग एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातून शिकलेला. मानकर सर गिरगावातले, जुन्या घरातले. त्यांच्या पणजोबांच्या नावावर म्हणे दोन वाड्या होत्या. सरांच्या वाट्याला त्यातली एक आरामखुर्ची आणि कुणावरही आवाज न चढवण्याची सवय एवढंच आलं होतं. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी वेबसाइटी बनवायला घेतल्या होत्या, आणि वेबसाइट म्हणजे काय ते रोज आम्हाला विचारायचे.

वेबसाइटचा कारभार तेव्हा साधा होता. कुणी पान उघडलं की सर्व्हरवर आमची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, चालू व्हायची, फाइल उघडायची, वाचायची, लिहायची, संपायची. दहा जणांनी उघडलं की तीच स्क्रिप्ट दहादा चालू. एका रजिस्टरवर एकाच वेळी दहा कारकून तुटून पडले तर जे होईल ते व्हायचं.

* * *

पहिलं गिऱ्हाईक ठाकूरद्वारचे पत्रिकावाले काका. लग्नाच्या पत्रिका छापायचे. त्यांना वेबसाइटशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना पानाच्या तळाशी भेटी मोजणारा काउंटर हवा होता. आपल्या दुकानात किती माणसं डोकावून गेली तो आकडा ते रोज सकाळी पूजा आटोपून बघायचे आणि सरांना फोन करून सांगायचे.

एके दिवशी दोन माणसांनी नेमकी एकाच क्षणी साइट उघडली. एका स्क्रिप्टने लिहायला म्हणून फाइल कोरी केली, आणि ती आकडा लिहिणार एवढ्यात दुसरीने तीच कोरी फाइल वाचली. कोरी म्हणजे शून्य. झालं, काउंटर पहिल्यापासून सुरू!

सकाळी काकांचा फोन. "मानकर, काल साडेचार हजार माणसं होती. आज बघतो तर एक! बाकीची गेली कुठे?"

सर शांतपणे म्हणाले, "घरी गेली असतील, काका. आलेलं माणूस परत जातंच ना कधीतरी."

काकांना ते पटलं. पुढे म्हणाले, "मग हा एक कोण राहिलाय?"

"तुम्हीच! आत्ता उघडलीत ना?"

* * *

फोन ठेवल्यावर मात्र सरांनी आम्हाला समोर बसवलं. "हे पुन्हा होता कामा नये. काय करता येईल?"

परबने पुस्तकातलं प्रकरण आधीच वाचलं होतं. फाइल उघडण्याआधी तिला लॉक लावायचं, काम झालं की काढायचं, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. पण हे सरांना समजेल असं कसं सांगायचं? त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सर, गावी जाताना परळ डेपोत यष्टी लागते ना, तेव्हा गर्दी ही एवढी. आमचा काका काय करतो, दरवाजाकडे जातच नाही. खिडकीतून रुमाल टाकतो सीटवर. रुमाल पडला की सीट आपली. मग आरामात चढायचं."

"आणि कुणी तो रुमाल उचलून बाजूला ठेवला तर?"

परब बघतच राहिला. "असं कोण करणार, सर?"

त्याला खरोखरच कल्पना करवेना! आणि गंमत म्हणजे त्याचं बरोबर होतं. आमचं लॉक तसंच होतं. ते कुणाला अडवायचं नाही, नुसतं सांगायचं की इथे कुणीतरी आहे. मानलं तर कुलूप, नाही मानलं तर काही नाही. परबने त्या लॉकच्या फाइलला नावच दिलं, रुमाल.

पुढच्याच आठवड्यात मी एक स्क्रिप्ट लिहिली, त्याच फाइलवर चालणारी. रुमाल आहे की नाही बघायचं असतं हे मी साफ विसरले. माझी स्क्रिप्ट आली आणि सरळ लिहून मोकळी झाली. परबची अर्धी माहिती पुसली गेली.

परब चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या टेबलापाशी आला आणि कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "शुभे, तू रुमालावर बसलीस."

दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्यानंतर आमच्याकडे एक रीत पडली. कुठलीही स्क्रिप्ट सर्व्हरवर चढवायची, की उरलेल्या दोघांनी विचारायचं, "रुमाल टाकलास का?" सरसुद्धा विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत चहाचा कप तोंडाला लावायचे नाहीत.

* * *

मग कुमुदताई आल्या. आमच्या सगळ्या किस्स्यांत ज्यांच्यासाठी जीव मुठीत धरून काम केलं त्या ह्या!

परळला हॉस्पिटलांच्या मागे एक धर्मशाळा आहे. गावोगावहून पेशंट घेऊन आलेल्या नातेवाइकांना तिथे राहायला खाट मिळते. चाळीस खाटा आणि मागणी त्याच्या चौपट. कुमुदताई तिथल्या व्यवस्थापक, निवृत्त मेट्रन. त्या मूळच्या सरांच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या, त्यामुळे पंचावन्न वर्षांच्या मानकर सरांना त्या आमच्यादेखत "बाळ" म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आणि परब जिन्यात जाऊन हसून आलो.

त्यांचा कारभार एका फळ्यावर चालायचा. फळ्यावर चाळीस चौकोन, प्रत्येकात खडूने नाव. अडचण एकच. माणूस रात्रभर एसटीत बसून येणार, आणि इथे आल्यावर कळणार की खाट नाही. मग हॉस्पिटलच्या भिंतीला लागून फुटपाथवर पथारी. सरांना वाटलं, गावातल्या सायबर कॅफेतून खाट मिळवता आली आणि नंबरची चिठ्ठी छापून हातात घेऊनच माणूस निघाला तर?

कुमुदताईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाळ, फळा कुणाला वचन देत नाही. तुझी चिठ्ठी देणार. चिठ्ठी घेऊन आलेल्या एका जरी माणसाला मला दारातून परत पाठवावं लागलं, तर त्या दिवशी तुझं यंत्र बंद."

सर म्हणाले, "कबूल."

आणि ते काम त्यांनी मला दिलं. मी एकटीने उभं करायचं ते पहिलं काम. मला आनंद झाला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. धर्मशाळेच्या दारातून परत फिरणारी एक बाई मला बसस्टॉपवर, जेवताना, कुठेही दिसायची.

* * *

पहिला झटका शिमग्याला बसला. परब गावी गेला होता. सर्व्हरवर माझी एक स्क्रिप्ट मध्येच बंद पडली, पण तिने टाकलेला रुमाल तसाच राहिला. सीटवर रुमाल आहे आणि ज्याचा आहे तो माणूस कधी येणारच नाही, अशी गत! पुढच्या सगळ्या स्क्रिप्टा सभ्यपणे ताटकळत उभ्या. धर्मशाळेचं पान उघडेना.

रुमाल हाताने काढता आला असता, पण तो काढला तर आणखी काही बिघडेल का ते फक्त परबला ठाऊक. त्याच्या गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. सरांनी लावला आणि आपल्या गिरगावी शुद्ध मराठीत निरोप दिला, "परबांना सांगा, त्यांचा रुमाल अडकला आहे. आम्ही तो काढू का, एवढंच विचारा."

वाण्याने परसातून परबच्या घराकडे हाक घातली. सगळ्या वाडीला ऐकू गेली. "गो काकी! मुंबयसून फोन इलो हा! तुझ्या झिलाचो रुमाल खंय तरी अडाकलो हा, काढू काय म्हणान इचारतत!"

परबची आई हातातलं काम टाकून फोनपाशी आली. परब देवळात गेला होता. तिने रिसीव्हर घेतला, सरांचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काढा, काढा. पण एका रुमालासाठी मुंबयसून फोन? तुमची कंपनी भिकेक लागली की काय?"

सर म्हणाले, "अजून नाही, बाई."

आईच्या परवानगीवर आम्ही रुमाल काढला आणि साइट चालू झाली. तोवर कुमुदताईंनी फळा पुसून दर्शनी लावला होता, त्यामुळे कुणी परत गेलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाळ, माझा फळा शिमग्याला गावी जात नाही, एवढं लक्षात ठेव."

परब परत आला तो अर्धा डझन नवे रुमाल घेऊन. "आईने दिलेत, ऑफिसला," म्हणाला. सरांनी तिघांत दोन-दोन वाटले. माझे मी बरीच वर्षं वापरले, विटून जाईपर्यंत.

* * *

त्यानंतरचा किस्सा सांगायला मला अजून लाज वाटते.

धर्मशाळेच्या कामात दोन फाइली होत्या, एक खाटांची, एक नावांची. माझी स्क्रिप्ट आधी खाटा अडवायची, मग नावं मागायची. परबची स्क्रिप्ट आधी नावं अडवायची, मग खाटा मागायची. एका दुपारी दोघी समोरासमोर आल्या. हिच्याकडे खाटा, तिच्याकडे नावं, आणि दोघी एकमेकींची वाट बघत बसल्या.

ते शोधायला आम्ही बसलो. इंटरनेट असलेला कॉम्प्युटर एकच आणि पुस्तकही एकच. सकाळी येऊन मी कीबोर्ड धरला होता आणि परबने पुस्तक. मला पुस्तकातलं एक पान बघायचं होतं, त्याला सर्व्हरवर एक फाइल बघायची होती. मी मनाशी म्हटलं, "याचं झालं की देईल." त्याने विचार केला, "हिचं झालं की उठेल." मागायचं कुणी? नुकतंच एका गोष्टीवरून वाजलं होतं. दोघंही तोंड फुगवून बसलो. एक तास गेला, मग दुसरा गेला.

साडेबाराला सर आले. दहा मिनिटं दारातून बघत उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "पुस्तक आता माझं, कीबोर्डही माझा. उठा दोघं! खाली जाऊन पियूष पिऊन या, आणि आल्यावर आधी कीबोर्ड मागायचा, मग पुस्तक. दोघांनीही. त्याच क्रमाने."

पियूष पिता पिता परब एकदम थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "शुभे, सरांनी सोडवलं की!" दोन्ही स्क्रिप्टांत आधी खाटा, मग नावं असा एकच क्रम लावला आणि ते भांडण कायमचं मिटलं. पुस्तकात तेच सांगायला अकरा पानं खर्ची घातली होती. सरांना मात्र आपण काय सोडवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

एवढं झाल्यावर सर म्हणाले, "एकाच वेळी तीन माणसांनी खाट मागितली तर काय होतं, ते आपण स्वतः करून बघू."

ऑफिसात इंटरनेटची लाइन एक. म्हणून ठरलं, मी लालबागच्या सायबर कॅफेत, परब घोडपदेवच्या आणि सर गिरगावातल्या. बरोबर अकराला तिघांनी एन्टर मारायचं.

मी अकराला मारलं. सरांनीही अकराला मारलं, पण त्यांचं घड्याळ वडिलांच्या काळापासून दहा मिनिटं पुढे. त्यांच्या घरातली सगळीच घड्याळं तशी असायची, उशीर नको म्हणून! त्यांचं एन्टर माझ्या दहा मिनिटं आधी पडलं होतं. आणि परबचा कॅफेवाला निघाला शाळेतला दोस्त. त्याने चहा मागवला, मास्तरांच्या आठवणी काढल्या, परबने सव्वाअकराला मारलं.

दुसऱ्यांदा ठरलं, रेडिओवरच्या बातम्यांच्या टोल्यावर मारायचं. लालबागच्या कॅफेत रेडिओच नव्हता. मी समोरच्या सलूनमध्ये जाऊन टोला ऐकला आणि धावत येऊन मारलं. मध्ये रस्ता होता, बस आडवी आली.

तिसऱ्यांदा सर म्हणाले, "मी दोघांना फोन लावतो आणि एक-दोन-तीन म्हणतो." फोन लावला. पण कॅफेत इंटरनेट त्याच फोनवरून चालायचं! घंटी वाजली आणि आमचं कनेक्शन तुटलं. मालकाने मला उठवलं.

तीन प्रयत्न झाले, टक्कर एकदाही झाली नाही. सरांनी कुमुदताईंना लेटरहेडवर लिहून कळवलं, "तीन ठिकाणांहून एकाच वेळी तपासणी केली. दोष आढळला नाही." खाली सही, शिक्का.

* * *

आता शेवटचा. हा मी ऋचाला सांगितला नाही. बोलता बोलता माझा आवाज बिघडतो, म्हणून लिहिलेला बरा.

एका शनिवारी सकाळी कुमुदताईंचा फोन आला. सरांनी ऐकला आणि ते उभे राहिले. "सतरा नंबरच्या खाटेच्या दोन चिठ्ठ्या आल्यात. दोन बायका दारात उभ्या आहेत. चला."

टॅक्सी केली. परबने निघताना माझ्या स्क्रिप्टचे छापील कागद उचलले होते, ते तो मांडीवर घेऊन वाचत होता. हिंदमाता ओलांडल्यावर त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "शुभे, तू आधी रिकामी खाट बघतेस आणि मग रुमाल टाकतेस. तेवढ्यात दुसरीनेही बघितली, तर दोघींना तीच खाट रिकामी दिसणार."

आधी रुमाल, मग बघणं. एक ओळ वर हवी होती. मला रडू आलं. सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "शुभांगी, रडून झालं की डोळे पूस. त्या बायकांसमोर रडायचं नाही. रडायचा हक्क त्यांचा आहे."

पोचलो. कुमुदताईंनी फळा बाहेर काढून पुसून ठेवला होता. पण दारात कुणीच नव्हतं.

"आत या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच विचित्र वाटलं.

सतरा नंबरच्या खाटेवर दोघी बसल्या होत्या. एक कराडकडच्या शेवंताबाई, त्यांचे मालक हॉस्पिटलात. दुसऱ्या दापोलीच्या हमीदाबी, त्यांची लेक हॉस्पिटलात. मध्ये चटणी-भाकरीचं फडकं उघडलेलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर शेवंताबाई म्हणाल्या, "बस की, पोरी. आमचं ठरलंया. म्या रातच्याला मालकांपाशी असती, दिवसा माझा दीर बसतो. ह्यांच्या लेकीच्या वॉर्डात रातच्याला कुनाला थांबू देत न्हाईत. दिवसा म्या झोपती, रातच्याला ह्या झोपतील. खाट एक पुरं."

हमीदाबी हसून म्हणाल्या, "चादर तेवढी आपापली."

परब खाटेकडे बघत उभा होता. मग हळूच म्हणाला, "माझे वडील असेच राहायचे, गिरणीत होते तेव्हा. गाळ्यात एक जागा, तिघांच्या तीन पाळ्या. एक उठला की दुसरा. सांगायचे, आमचा बिछाना कधी गार झालाच नाही."

परबने वडिलांबद्दल काही बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते गिरणी बंद पडली त्याच वर्षी गेले होते.

कुमुदताईंनी फळा पुन्हा आत ठेवला, पण सरांना स्पष्ट सांगितलं, "दारातून कुणी परत गेलं नाही, म्हणून सोडते. पण ते त्या दोघींमुळे. तुमच्यामुळे नाही." त्याच दुपारी सरांनी ती ओळ माझ्याच हाताने वर घ्यायला लावली. पुन्हा तसं कधी झालं नाही. राहता राहिली सतरा नंबरची नोंद. आमच्या फाइलीत एका खाटेला एकाच नावाची जागा होती, आणि शेवटी लिहिलं गेलेलं नाव शेवंताबाईंचं होतं. हमीदाबी खाटेवर होत्या, पण कॉम्प्युटरच्या लेखी नव्हत्याच. कुमुदताई म्हणाल्या, "राहू दे, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

बारा दिवसांनी पुन्हा फोन आला. "बाळ, शेवंताबाईंच्या मालकांना घरी सोडलं. जीप दारात उभी आहे, आणि बाई खाटेवरून उठत नाहीत!"

गेलो. मालक जीपमध्ये शाल गुंडाळून बसले होते, अगदी वाळून गेलेले. दीर घड्याळ बघत होता. शेवंताबाई पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या मधोमध बसल्या होत्या. हमीदाबी हॉस्पिटलात होत्या. त्यांच्या लेकीचं ऑपरेशन त्याच सकाळी होतं.

झालं होतं असं. निघताना सही करायची असते, की खाट रिकामी केली. सही झाली की कॉम्प्युटरवर नोंद, आणि खाट आपोआप यादीतल्या पुढच्या माणसाला. शेवंताबाईंनी सही करण्याआधी सहज विचारलं, "मग ही खाट कुनाला जानार?" उत्तर ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

कुमुदताई हट्टाला पेटल्या होत्या. "नाव यांचं आहे, त्या चालल्या, खाट सुटली. व्हरांड्यात बाकावर माणसं चार-चार दिवस नंबर लावून बसलीत. मी त्यांना काय सांगू? यादी म्हणजे यादी, बाळ. ओळखीच्या बाईसाठी मी ती मोडणार नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. बाकावरच्या माणसांचंही चुकत नव्हतं. चूक माझी होती, आणि ती माझ्यासमोर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "शेवंताबाई, तुमची गाडी थांबलीय. मालकांना त्रास होईल."

"त्यास्नी इचारलंया. बस म्हनाले." मग त्या कुमुदताईंकडे वळल्या. भांडत नव्हत्या, समजावत होत्या. "ताई, यादी मोडू नका. पर ह्या खाटंवर आमी दोघी हुतो. म्या उठली म्हंजी निम्मीच खाट रिकामी झाली. दिसाची. रातची हाय तितंच हाय. मग तुमी पुढच्याला आक्खी खाट कशी देताय?"

परब धर्मशाळेच्या कॉम्प्युटरसमोर बसला होता, पडद्यावर प्रश्न तसाच होता, खाट रिकामी झाली का? हो किंवा नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे, सरांनी कुमुदताईंकडे.

कुमुदताईंनी एकदा त्या खाटेकडे बघितलं. मग टेबलावरची यादी उचलली, चष्मा लावला, व्हरांड्याच्या दारात गेल्या आणि बाकाकडे बघून मेट्रनच्या खणखणीत आवाजात विचारलं,

"यादीतली पुढची बाई कोण? तुम्ही पेशंटपाशी रात्री थांबता की दिवसा?"